आमची वाटचाल: २५५६९ या आकड्यापासून

आमच्या कार्यालयातला फळा रोज पुसला जातो, पण त्याच्या कोपऱ्यातला २५५६९ हा आकडा कोणी पुसत नाही. ३० डिसेंबर १८९९ पासून १ जानेवारी १९७० पर्यंत इतके दिवस भरतात. आमच्या फर्मचं पहिलं काम या आकड्यावर उभं राहिलं, आणि आजही आमचं बरंचसं काम, म्हणजे जुन्या प्रोग्राममधल्या तारखा नव्या प्रोग्राममध्ये नीट आणणं, त्याच्याच आसपास चालतं.

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. एका प्रयोगशाळेचा जुना प्रोग्राम डेल्फी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला होता, तो पायथन या दुसऱ्या भाषेत आणायचा होता. स्क्रीन, रिपोर्ट, डेटाबेस यांचं वेळापत्रक आम्ही नीट आखलं आणि तारखांसाठी एक दुपार ठेवली. तारखांना तीन आठवडे लागले.

डेल्फी तारीख आणि वेळ एकाच दशांश संख्येत ठेवते. पूर्णांक म्हणजे ३० डिसेंबर १८९९ पासूनचे दिवस, अपूर्णांक म्हणजे त्या दिवसाचा उलटून गेलेला भाग. ४५२९२.७५ म्हणजे १ जानेवारी २०२४, संध्याकाळचे सहा. ३० डिसेंबर ही तारीख विचित्र वाटते, पण तिला कारण आहे. लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने लीप नसलेलं १९०० हे वर्ष लीप धरलं, एक्सेलने सुसंगतीसाठी तेच चालू ठेवलं. डेल्फीची सुरुवात ३० डिसेंबरला धरली की १ मार्च १९०० पासून पुढे डेल्फी आणि एक्सेलचे आकडे जुळतात. पायथनचा टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळ दाखवणारी संख्या, मात्र १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, सेकंद मोजतो. म्हणून २५५६९ वजा करायचे आणि ८६४०० ने, म्हणजे दिवसाच्या सेकंदांनी, गुणायचं. सूत्र एका ओळीचं आहे. आम्ही ते लिहिलं, चार तारखा तपासल्या आणि पुढे गेलो.

दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी चालू असताना प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी दोन छापील याद्या टेबलावर ठेवल्या. एका नमुन्याची वेळ जुन्या यादीत ९ वाजून ७ सेकंद होती, नव्या यादीत ९ वाजून ६ सेकंद. त्या म्हणाल्या, "एका सेकंदाने आमचं काही अडत नाही. पण सेकंद चुकतो म्हणजे नियम कुठेतरी चुकतोय. तो आधी शोधा."

नियम चुकला होता तो आमच्या अपूर्णांक छाटण्यात. एक सेकंद म्हणजे दिवसाचा ८६४०० वा भाग, आणि हा भाग बायनरीत, म्हणजे संगणकाच्या शून्य-एकच्या आकड्यांत, नेमका मांडता येत नाही. ९ वाजून ७ सेकंदांची साठवलेली किंमत खऱ्या किमतीपेक्षा केसभर कमी असते. गुणाकारानंतर सहा पूर्णांक नऊशे नव्व्याण्णव अशी काहीतरी संख्या येते आणि आम्ही तिचा पूर्णांक घेत होतो. उपाय साधा होता, आधी जवळच्या मिलिसेकंदाला आणायचं आणि मग पुढचं गणित. तेव्हापासून चार तारखांवर तपासणी संपवणं आम्ही बंद केलं. दिवसाचे ८६४०० सेकंद एकेक करून डेल्फीतून पायथनमध्ये नेतो, परत आणतो आणि एकूण एक जुळल्याशिवाय काम सोडत नाही.

त्याच कामात जन्मतारखांनी दुसरा धडा दिला. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा होती. तिथे १२ मे ही जन्मतारीख स्थानिक मध्यरात्र म्हणून तयार व्हायची आणि सर्व्हरकडे पाठवताना यूटीसीत बदलायची. जिथलं घड्याळ यूटीसीच्या पुढे असतं अशा कुठल्याही ठिकाणी ती ११ मे होते. (महिने शून्यापासून मोजण्याची जावास्क्रिप्टची सवय वेगळीच, तिथे मे म्हणजे ४.) जन्मतारीख हा काळातला क्षण नसतो, ती कॅलेंडरवरची एक चौकट असते. तिला टाइम झोन चिकटवायचाच नाही, साध्या वर्ष-महिना-दिवस मजकुरात पाठवायची. हे एकदा उमजल्यावर आम्ही प्रत्येक रकान्याला पहिला प्रश्न विचारू लागलो: हा क्षण आहे, की फक्त तारीख?

आमचं नाव पसरत गेलं. 'जुन्या तारखा नीट आणून देणारे' म्हणून लोक आम्हाला शोधत येऊ लागले आणि आम्ही दोघांचे पाच झालो.

सर्वांत कठीण काम आलं ते घड्याळ वर्षातून दोनदा बदलणाऱ्या प्रदेशातून. शरद ऋतूत तिथलं घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे एक तास दोनदा येतो. डेल्फीच्या संख्येत टाइम झोन नसतोच, मग १ वाजून ३० मिनिटं ही नोंद पहिल्या फेरीतली की दुसऱ्या? पायथनमध्ये ३.६ आवृत्तीपासून यासाठी फोल्ड नावाचा गुणधर्म आहे, शून्य म्हणजे पहिली फेरी, एक म्हणजे दुसरी. पण तो भरायचा कशावरून? उत्तर डेटाबेसमध्येच सापडलं. प्रत्येक नोंदीला चढता अनुक्रमांक होता. अनुक्रमांक वाढत असताना वेळ एकदम मागे गेली, की दुसरी फेरी सुरू झाली. जिथे त्या तासात एकच नोंद होती तिथे आम्ही अंदाज केला नाही. अशा नोंदींची वेगळी यादी करून ग्राहकाकडे दिली, त्यांनी कागदी नोंदवहीवरून ठरवलं. अंदाजाने भरलेली वेळ पुढे कोणालाच ओळखू येत नाही, म्हणून ती भरायची नाही, हा आमचा ठाम नियम आहे.

एका अभिलेखागाराच्या कामात १८९९ च्या आधीच्या तारखा आल्या, म्हणजे डेल्फीत ऋण संख्या. −१.२५ म्हणजे काय? सरळ वजाबाकी केली तर २८ डिसेंबर १८९९ ची संध्याकाळ येते. डेल्फीचं उत्तर आहे २९ डिसेंबर, सकाळचे सहा. कारण तिथे ऋण चिन्ह फक्त दिवसांना लागतं, अपूर्णांक नेहमी पुढेच मोजला जातो. आणि जिथे तारीख भरलेलीच नव्हती तिथे शून्य होतं, ते छापताना ३० डिसेंबर १८९९ दिसत होतं. त्या एका दिवशी झालेल्या नोंदींची संख्या पाहूनच आम्हाला ते कळलं.

आता नवीन ग्राहकाशी पहिल्या बैठकीत कोडची चर्चा होत नाही. सर्वांत जुनी तारीख कोणती, रिकामी तारीख कशी लिहिता, प्रोग्राम चालतो त्या संगणकाचा टाइम झोन कधी बदलला होता का, एवढंच विचारतो. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा खोलीत शांतता पसरते, आणि मग कोणीतरी जुन्या सहकाऱ्याला फोन लावतं.

सध्या टेबलावर सी भाषेतला एक प्रोग्राम आहे. त्यात वेळ ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ठेवली आहे, आणि १९ जानेवारी २०३८ ला यूटीसीप्रमाणे पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद झाले की तो पूर्णांक भरतो, त्याहून मोठी संख्या त्यात मावत नाही. त्यांच्याकडे वीस वर्षांच्या मुदतीचे करार आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी २०३८ कधीच येऊन गेलं आहे. त्यांचा पहिला तक्ता या आठवड्यात ६४ बिटांवर गेला.