बारा पेले जमवताना

ओहायोतील कोलंबसला राहायला आल्यानंतर तिसऱ्या वर्षी आमच्या गल्लीतील एका घरात इस्टेट सेल लागला. घरातील वडीलधारे माणूस गेल्यावर सगळे सामान त्याच घरात मांडून विकण्याची इकडे पद्धत आहे. मी गेले होते पुस्तकांचे कपाट पाहायला आणि परतले वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार काचेचे पेले घेऊन. बिनरंगी पातळ काच, लांब दांडी, अंगावर फुलापानांची धुरकट पांढरी नक्षी, आणि कडेला हलकी टिचकी मारली की बराच वेळ रेंगाळणारा नाद. दिवाळीच्या जेवणाला आमच्या टेबलाभोवती बारा पाने असतात, म्हणजे आणखी आठ पेले मिळवले की झाले, असा माझा साधा हिशेब होता. तो पुरा व्हायला साडेचार वर्षे लागली.

पहिली अडचण ओळख पटवण्याची. जवळच्या न्यूअर्क गावातील हायझी या काचसामानाच्या कंपनीच्या कित्येक वस्तूंवर शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत इंग्रजी एच असतो. माझ्या पेल्यांवर मात्र अक्षरही नव्हते. ओहायोतल्याच केंब्रिज गावातील एका अँटिक मॉलमध्ये एक पेला दाखवला, तेव्हा दुकानातील आजींनी तो उजेडाकडे धरला आणि क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, ‘फॉस्टोरिया, नव्हार.’ ही कंपनी अशा पेल्यांना बहुधा कागदी लेबल लावत असे आणि ते पहिल्या धुण्यातच निघून जाई. 1887 मध्ये ओहायोतील फॉस्टोरिया गावी सुरू झालेला हा कारखाना 1891 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील माउंड्सव्हिलला हलला आणि 1986 मध्ये बंद पडला. नव्हार ही नक्षी 1930 च्या दशकात बाजारात आली आणि 1982 पर्यंत निघत राहिली. लग्न ठरलेल्या मुली मोठ्या दुकानांत आपल्या पसंतीच्या काचसामानाची नोंद करून ठेवत आणि नातेवाईक त्यातील एकेक नग आहेरात देत. त्यामुळे हे पेले दुर्मीळ नाहीत; फक्त ते घरोघरी विखुरलेले आहेत.

ही नक्षी हाताने कोरलेली असावी, असा माझा समज होता. प्रत्यक्षात धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राचा आम्लरोधक मेणाच्या शाईने पातळ कागदावर ठसा घेत, तो कागद काचेवर चिकटवून सोलून काढत, उरलेल्या भागाला मेण फासत आणि पेला हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवत. ज्या रेषा उमटायच्या, तेवढीच काच उघडी राही आणि आम्ल तेवढीच खाई. हे समजल्यावर माझी बोटे नक्षीवरून जरा निराळ्या आदराने फिरू लागली.

पुढच्या चुकांचे पैसे मीच मोजले. फॉस्टोरियाची ‘मेडो रोझ’ ही दुसरी फुलांची नक्षी नेमक्या याच दांडीच्या पेल्यावर काढलेली असे, त्यामुळे दुकानातील पिवळ्या दिव्याखाली मी दोन चुकीचे पेले उचलले. घरच्या खिडकीत जुन्या पेल्याशेजारी धरल्यावर फरक दिसला. तेव्हापासून नमुन्याचा एक पेला टॉवेलात गुंडाळून गाडीतून सोबत नेऊ लागले. दुसऱ्या वेळी टपालाने मागवलेल्या चारांपैकी तीन दांडीपाशी मोडून आले. विक्रेत्याने पेल्यांच्या पोटात कागद कोंबला होता, पण दांड्या मोकळ्याच ठेवल्या होत्या. तिसऱ्यांदा ‘शर्बेट’ हे नाव वाचून सरबताचे पेले समजून मागवले, तर आले पसरट, बुटके, फळांचे बर्फाळ गोड पदार्थ वाढण्याचे. शब्द आपल्याच सरबताचा भाऊबंद. वस्तू मात्र निराळी. ते मी ठेवून घेतले, कारण श्रीखंडासाठी त्यांच्याइतके नेमके भांडे दुसरे नाही.

धुरकटपणाची पारख सर्वांत उशिरा आली. पाण्यातील क्षारांचा थर असेल तर तो व्हिनेगरमध्ये भिजवून निघतो. डिशवॉशरमध्ये वर्षानुवर्षे धुऊन काचेचा पृष्ठभागच झिजला असेल तर कशानेही निघत नाही. ओला पेला मात्र स्वच्छ दिसतो, म्हणून विकत घेण्यापूर्वी तो पूर्ण कोरडा करून पाहावा. टवका शोधायला डोळ्यांवर विसंबू नये. डोळे मिटून बोटाचे टोक कडेवरून सावकाश फिरवावे. नखाएवढाही टवका लगेच बोचतो. दुकानात डोळे मिटून उभ्या असलेल्या मला पाहून माझे यजमान दोन हात लांब सरकतात, ते निराळे.

अकरा पेल्यांवर गाडी आठ महिने अडली. बारावा कोलंबसमध्येच, चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत सहा डॉलरना मिळाला. घरी धुताना तळाशी बारीक अक्षरे दिसली: लेनॉक्स. फॉस्टोरियानंतर हीच नक्षी लेनॉक्स कंपनीने काढली होती. उंची तीच, फुले तीच, टिचकीचा नादही कानाला तसाच. आठवडाभर तो मी कपाटात वेगळा ठेवला.

त्या दिवाळीला सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. ‘अगं, एवढ्या नाजूक पेल्यांत मठ्ठा द्यायचा?’ असे म्हणत त्यांनी स्वतःच बाराही पेले सुती पंचाने पुसले. पाने मांडताना लेनॉक्सचा पेला मी माझ्या पानाशी ठेवला.