एप्रिलात या

"पाणी बघाय एवढ्या लांबनं आलासा?" चिखल्याच्या धबधब्याचा फेरा संपवून, पायाला चिकटलेल्या जळवांवर मीठ चोळत मी बसलो असताना इरलं पांघरलेल्या गुराखी आजोबांनी विचारले.

मग काठीने दिशा दाखवत म्हणाले, "हिकडचं गोव्याला, तिकडचं सौंदत्तीला."

खरेच, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या या डोंगरांवरचा पाऊस म्हादई नदीतून अरबी समुद्राला जातो आणि कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेतून, कृष्णेच्या वाटेने, बंगालच्या उपसागराला.

निघताना ते म्हणाले, "एकदा एप्रिलात या. आमच्या बायका घागरी घेऊन किती चालतात ते बघा."

धबधब्याचे चाळीस फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. एप्रिलात मी कधी गेलोच नाही. तुमच्यापैकी कोणी गेले आहे का?