काकूंना 'सौ.' पाहिजे होतं

मी लग्नपत्रिका कंपोज करतो. बाई आहे, पण कोल्हापूरची, त्यामुळं आलो-गेलोच म्हणतो, आमच्याकडं पोरी असंच बोलतात आणि पुण्याचे पाहुणे कितीबी हसू देत, मी बदलणार नाही.

लग्नसराईत आमचा वेळ डिझाईनपेक्षा नावांमागच्या श्री., सौ., कै., चि. मध्येच जास्त जातो. नवरीला 'चि. सौ. कां.' लावतात, त्यात 'कां'वर अनुस्वार पाहिजेच, सौभाग्यकांक्षिणी आहे ते, पण लोक 'का' लिहून आणतात आणि दुरुस्त केलं की "आमच्यात असंच असतंय" म्हणतात. शिवाय श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली तर अक्षरांचा पार चुथडा होतो, म्हणून एक काना बदलायला पण सगळं घरदार माझ्याच टेबलापाशी येतं आणि भांडणं पण तिथंच होतात.

गेल्या सीझनला एका मुलीची पत्रिका आली. वडील वारलेले. मजकूर चुलत्यांनी लिहिलेला, आईच्या नावामागं विधवेला लावतात ते 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी. मुलगी तिथंच भडकली. "काका, आपल्याच जिल्ह्यात हेरवाड गावानं 2022 ला विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत म्हणून, आणि तुम्ही हे छापताय?" बरोबरच होतं तिचं. 2023 ला तर सरकारमधल्याच एका मंत्र्यानं विधवांना 'गंगा भागीरथी' म्हणायचा प्रस्ताव काढलेला, केवढा गदारोळ झालेला तेव्हा. चुलते म्हणाले, बरं, श्रीमती घाला.

आई बाजूला पर्स धरून बसलेल्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मी विचारलं, "काकू, तुमचं नाव कसं घालू?"

"सौ. घाल बाळ."

सगळे गप्प. मग चुलते, "वहिनी, असं कुठं असतंय का, लोकं नावं ठेवतील." काकू शांतपणे म्हणाल्या, "त्यांच्या नावामागं कै. लागलंय की. माझं कशाला बदलायचं? लग्नात मिळालंय मला ते."

खरंच आहे ना? बायको वारली तरी पुरुषाचं श्री. तसंच राहतं, त्याच्या नावावरनं कुणाला काही कळत नाही. बाईचं मात्र नवऱ्याच्या श्वासावर ठरणार.

शेवटी मुलीनंच तोडगा काढला, सगळ्याच बायकांचं सौ.-श्रीमती काढा, नुसती नावं ठेवा. चुलते लगेच तयार, त्यांना फक्त ते सौ. नको होतं. काकू म्हणाल्या, "घाला काय घालायचं ते." मी छपाईची फिल्म काढली, स्क्रीन प्रिंटिंगला दिली. मुलीनं पत्रिका स्टेटसला ठेवली, लोकांनी भरभरून कौतुक केलं, किती पुढारलेलं घर वगैरे.

सगळ्यांचंच काढलं की फरकच उरत नाही हे मला पटतंय, माझ्या स्वतःच्या पत्रिकेत मी तसंच केलं असतं. पण काकूंनी ते मागितलं नव्हतं. जुन्या रीतीच्या माणसानं त्यांचं ऐकलं नाही आणि सुधारलेल्या पोरीनं पण नाही. मी मालकांना म्हणालो, ऑर्डरच्या फॉर्मवर कागद, रंग, गणपती कुठला सगळं विचारतो, तर ज्या बाईचं नाव छापायचं तिलाच ते कसं पाहिजे हे पण विचारूया. ते म्हणाले, गिऱ्हाईक खूश आहे, तू कशाला डोक्याला लावून घेतेस?

कुठलं गिऱ्हाईक खूश आहे? ॲडव्हान्सची पावती मीच फाडलीय, पैसे काकूंनी दिलेत.