रंध्याची थरथर सापडली, दोष पात्यात नव्हताच

मंडळी, आज्जांच्या पेटीतला शिसवी रंधा अखेर सागावर सलग चालला. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच साल निघाली, तोंडात, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीत, कुठेही न चोंदता. ती पेपरवर ठेवली तर खालची अक्षरं वाचता येतात. जपून ठेवलीय.

पात्याला २५ अंशांची धार आणि टोकाला ३० अंशांचा बारीक कोन लावूनही फळीवर लाटा उठत होत्या, हे मागे लिहिलंच होतं. तेव्हा बऱ्याच जणांनी पातं बदलायला सांगितलं. मला ते पटत नव्हतं. मऊ लोखंडाला धारेच्या बाजूने पोलादाची पट्टी भट्टीत जोडलेलं जुन्या घडणीचं पातं आहे ते. गंज घालवायला टाकलेल्या लिंबूसत्तातून काढल्यावर दोन धातूंमधली रेघ स्वच्छ दिसली, आणि त्या पट्टीवर कानस अजून नुसती घसरते, इतकी ती कडक आहे. असलं पोलाद टाकून द्यायचं?

म्हणून बैठक, म्हणजे ठोकळ्यातली पातं टेकतं ती उतरती जागा, तपासायला घेतली. समईवर वाटी धरून काजळ काढलं, खोबरेल तेलात कालवून पात्याच्या खालच्या बाजूला फासलं, पातं घट्ट धरणारी पाचर ठोकली आणि परत सोडवली. बैठकीवर काळा डाग फक्त वरच्या अंगाला! तोंडालगत, जिथे आधार सगळ्यात जास्त लागतो, तिथलं लाकूड कोरं. म्हणजे पातं खाली अधांतरी होतं, ते थरथरणारच. खानापूरकडचा पाऊस आणि चैत्रातलं ऊन आलटून पालटून खाल्लेलं लाकूड आहे, बैठक सरळ राहील कशी? पटाशी दोन्ही हातांत धरून वरचा उंचवटा जरा जरा खरवडायचा, पुन्हा काजळ, पुन्हा पाचर. तोंडालगतचा पट्टा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काळा उमटला, तेव्हा खरंच ओरडलो.

तळाचीही गंमत तशीच. पाचर काढून मोजायची सरळ पट्टी लावली तर तळ सपाट. पाचर ठोकली की तोंडामागे फुगवटा. तेव्हा लाकडी रंध्याचा तळ घासताना पातं आत ओढून घ्या, पण पाचर ठोकलेलीच ठेवा. घासायला ग्रॅनाइटचा तुकडा वापरला; बेळगावात ओटे बसवणाऱ्यांकडे मागितला की मिळतो. स्वस्त पॉलिश पेपर मात्र घेऊ नका, त्याचे कण सुटून लाकडात रुततात आणि नंतर धार खातात. शेवटचा हात मी फुटक्या काचेच्या धारेने फिरवला. जुने मिस्त्री करत तसाच, आणि माझ्या मते कुठल्याही पेपरपेक्षा सरस.

पेटीतल्या पटाश्यांपैकी रुंद पटाशीच्या गंजाखालून ‘कास्ट स्टील’ आणि ‘शेफिल्ड’ ही अक्षरं वर आली. मुशीत वितळवलेलं हे पोलाद, बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात शेफिल्डजवळ सुरू केलेल्या पद्धतीचं. धार टिकते कशी, ते सागात मारल्यावर कळतं. हल्लीच्या बाजारातल्या स्वस्त पटाश्या गाठीला लागल्या की वळतात.

आता उरलं तोंड. बैठक आणि तळ दोन्ही खरवडल्यामुळे ते रुंद झालंय. जुन्या बाजेच्या शिसवी पायातून ठिगळ कापून तळात फेविकॉलने बसवायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिताच सुचतंय की तळ कापायचाच कशाला? बैठकीवरच सागाचं पातळ पान डकवलं तर पातं पुढे सरकेल आणि तोंड आपोआप आवळेल. तेही सरसाने, म्हणजे सुतारांच्या जुन्या गरम करून लावायच्या डिंकाने, लावलं तर गरम पाण्याने कधीही सोडवता येईल, आज्जांच्या ठोकळ्याला नवा छेद नको. मग पाचर तेवढी पातळ लागेल. जुन्या पाचरीवर त्यांच्या हातोडीचे घाव आहेत, ती मी तासणार नाही, नवीनच करणार. बाभळीची करावी की त्या बाजेच्या पायातलीच शिसवी? दोन्ही वापरून पाहिलेल्यांनी सांगा, कारण पान या रविवारी डकवतोय.