हॉटेलातली पारी, घरचं सारण

काल रात्री बाहेर डम्पलिंग खाल्ले आणि आज दुपारी घरी केले, म्हणजे दोन्ही चवी अजून तोंडात आहेत तोवर लिहून टाकते, नाहीतर चार दिवसांनी सगळं 'छान होतं' या एका खात्यात जमा होतं आणि काय छान होतं ते आठवत नाही.

कालचं हॉटेल साधंच होतं. टेबलं एकमेकांना खेटून, मेनूकार्डला प्लॅस्टिकचं कव्हर, शेजारच्या टेबलावरचं भांडण न ऐकण्याचा आव आणत ऐकावं लागतं त्यातलं. डम्पलिंगसाठी मला अशीच जागा बरी वाटते कारण हा पदार्थ नीट शिस्तीत खाताच येत नाही, एकतर तोंड भाजतं, रस हनुवटीवर येतो, चॉपस्टिकमधून निसटून सॉसच्या वाटीत पडतो आणि शर्टावर डाग. तिथं वेटर मागे हात बांधून बघत उभा असेल तर माझा तर घासच उतरत नाही.

किचन काचेपलीकडे दिसत होतं. तिथं एक बाई नुसत्या पाऱ्या लाटत होत्या, आमची ऑर्डर येईपर्यंत मी तेच बघत बसले. छोटंसं सडपातळ लाटणं, उजव्या हाताच्या तळव्यानं ते कडेवरून मध्याच्या थोडं अलीकडेपर्यंत आत न्यायचं आणि लगेच मागं, तेवढ्यात डाव्या हातानं पारी थोडी फिरवायची, परत आत, परत मागं. लाटणं मधोमध जातच नाही. त्यामुळे कड पातळ होते आणि मध्ये जाड राहतं. याचं कारण उघड आहे, चुण्या घातल्या की कडेला एकावर एक थर येतात, तिथं पारी जाड असेल तर वरती कच्च्या पिठाची गाठ लागते, आणि मधल्या भागाला सारणाचं वजन पेलायचं असतं म्हणून तिथं जाड हवी. दुकानातल्या तयार पाऱ्या मशीनमध्ये दाबून कापलेल्या, सगळीकडून एकसारख्या. चालतात, पण ती मजा नाही. त्या बाई तर पिठाकडे बघतही नव्हत्या, पलीकडच्या माणसाशी गप्पा चालू आणि पाऱ्या पडतायत भराभर.

तर माझं मत असं झालंय की हॉटेलात पारी खायची आणि घरी सारण खायचं. म्हणजे दोन्हीकडे दोन्ही असतंच, पण कौतुक कशाचं करायचं ते वेगळं. दिवसभर तेच काम करणाऱ्या हाताची पारी आपल्याला महिन्यातून एखादवेळा लाटून जमणार नाही, आणि ती धडधडून येणारी वाफ पण घरच्या गॅसवर मिळत नाही. सारणाचं मात्र उलटं आहे. हॉटेलचं सारण सगळ्यांना चालेल असं करावं लागतं, त्यामुळे ते बेताचं, गुळगुळीत, कुणाची तक्रार येऊ नये अशा बेतानं केलेलं. काल चिकनचं आणि भाज्यांचं डोळे मिटून खाल्लं असतं तर फरक सांगता आला नसता, सॉस बाजूला ठेवला तर.

अपवाद एकच, ते सूप भरलेले शियाओलाँगबाओ. ते घरी करायच्या भानगडीत मी पडणार नाही. शांघायजवळच्या नानशियांगचं नाव त्यासाठी घेतात. आत सूप ओतत नाहीत, हाडं-कातडं उकळून त्याचा रस्सा थंड केला की जेलीसारखा घट्ट होतो, ती जेली बारीक चिरून सारणात मिसळायची आणि वाफवताना ती आतल्या आत वितळते. तैवानचं डिन ताई फुंग, जे १९५८ मध्ये खाण्याच्या तेलाचं दुकान म्हणून सुरू झालं होतं, त्यांच्या शियाओलाँगबाओला १८ चुण्या असतात आणि त्या मोजून घालतात. मुलाला मी आधीच बजावलं होतं की चमच्यात घे, कडेला छोटंसं भोक पाड, सूप पी आणि मग खा. त्यानं अख्खा तोंडात टाकला. डोळ्यांत पाणी, पण थुंकला नाही, मानलं.

आणि प्लेटमध्ये आठच का असतात हो? आम्ही तिघं, मी, मुलगा आणि माझी मैत्रीण. दोन-दोन खाल्ले की दोन उरतात. एक मुलगा उचलतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. दुसरा तसाच पडून. "तू घे गं", "नको, तूच घे, माझं झालं", असं करत करत तो गार होतो, आणि गार डम्पलिंग म्हणजे चामडं, कारण वाफेनं फुगलेला स्टार्च गार होताना परत आखडतो. शेवटी मैत्रिणीनं तो निम्मा कापला, सारण एकीकडे, पारी दुसरीकडे, कुणालाच धड काही मिळालं नाही. जॉर्जियात खिंकाली नावाचे मोठे डम्पलिंग असतात ते हातानं वरच्या देठाला धरून खातात आणि तो पिठाचा जाड देठ ताटातच ठेवतात, म्हणजे कोणी किती हाणले ते सगळ्यांसमोर मोजता येतं. ही पद्धत मला फार प्रामाणिक वाटते, आमच्याकडे मुलगा लगेच उघडा पडला असता.

आज घरी. मैत्रीण दुपारीच आली, येताना पातीचा कांदा आणि मशरूम घेऊन. आल्या आल्या वाद सुरू, पीठ गार पाण्यात भिजवायचं की गरम. खरं तर यात वाद नाहीये, तुम्ही पुढे काय करणार त्यावर आहे. गार पाण्यानं ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारा चिकटपणा, नीट तयार होतं, पारी चिवट आणि टणक होते, ती पाण्यात उकळायला बरी, फुटत नाही. कडकडीत पाणी घातलं की ग्लुटेन तितकं तयार होत नाही आणि स्टार्च शिजून पाणी धरून ठेवतो, म्हणून पीठ मऊ, लाटताना मागे न ओढणारं, वाफवायला आणि पॅनमध्ये भाजायला चांगलं. आम्हाला पॅनमध्ये करायचे होते म्हणून गरम. गार पाण्याच्या पिठाला मैद्याच्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी लागतं, गरमला त्याहून थोडं जास्त. मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवायचं. हा अर्धा तास वाचवायचा नाही. तोवर सारण होतंच.

सारणात कोबी बारीक चिरून मीठ चोळून ठेवला. दहा-पंधरा मिनिटांत त्याला इतकं पाणी सुटतं की विश्वास बसत नाही, मग पातळ पंचात घालून पिळायचा, पिळायचा म्हणजे खरंच पिळायचा, मनगट दुखेपर्यंत. मूठभर उरतो. पण तो मूठभर कोबीच कामाचा, न पिळलेला घातला तर आत पाणी सुटून पारी खालून भिजते आणि उचलताना तळ तिथंच राहतो. मशरूम कोरड्या पॅनमध्ये आटवून घेतले, त्यात आलं भरपूर, पातीचा कांदा, मिरपूड, सोया सॉस, तिळाचं तेल. मुलासाठी निम्म्यात चिकनचा खिमा. खिम्याचं मात्र उलट, त्यात चमचा-चमचा पाणी घालत एकाच दिशेनं ढवळायचं, तो चिकट होऊन पाणी धरतो आणि शिजल्यावर रसरशीत राहतो. भाजीतलं पाणी काढा आणि मांसात पाणी घाला, हे मुलाला काही केल्या पटेना. "आई, मग कोबीचंच पाणी चिकनमध्ये घाल ना." घातलं. खारट होतं म्हणून सोया सॉस कमी केला, आणि झकास झालं.

भरायच्या आधी चिमूटभर सारण पॅनवर भाजून चाखायचं, एवढं एक सगळ्यांना सांगेन. कच्चं सारण चाखता येत नाही आणि चाळीस-पन्नास भरून झाल्यावर मीठ कमी आहे हे कळून उपयोग काय. आम्ही दोनदा चाखलं. दुसऱ्यांदा नुसतं आवडलं म्हणून.

चुण्यांबद्दल लोक फार बाऊ करतात. चुणी दिसायला छान आणि पॅनमध्ये डम्पलिंग नीट बसायला उपयोगी, पण नुसती अर्धगोल दुमडून कड घट्ट दाबली तरी चालतं, उकळायचे असतील तर तेच जास्त भरवशाचं. चीनमधल्या तुर्फानजवळच्या थडग्यांत तांग राजवटीच्या काळातले वाळलेले डम्पलिंग सापडलेत ते असेच साधे, चंद्रकोरीसारखे. हजाराहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसाचं त्यावर भागलं तर माझंही भागेल. खरी काळजी घ्यायची ती आतल्या हवेची. सारणाभोवतीची हवा दाबून बाहेर काढायची आणि मगच कड बंद करायची, कारण उकळताना ती फुगते आणि एकतर डम्पलिंग फुटतो नाहीतर आत कच्चा असतानाच तरंगायला लागतो आणि आपण समजतो झाला. चीनमध्ये उकळताना तीनदा गार पाणी घालायची जुनी पद्धत आहे, उकळी बसते, परत येते, आत शिजायला वेळ मिळतो आणि बाहेरून पारी फाटत नाही.

पॅनचं सांगायचं तर थोडं तेल, डम्पलिंग उभे मांडायचे, खालून तांबूस झाले की त्यांच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत पाणी आणि लगेच झाकण. मग कान द्यायचा. आधी खदखद आवाज येतो, पाणी आटत आलं की तो बारीक होतो आणि मग एकदम चरचर सुरू होते, म्हणजे पाणी संपलं आणि तेलाचं राज्य आलं, तेव्हा झाकण काढायचं. दुसऱ्या घाण्याला पाण्यात चमचाभर मैदा कालवून घातला, त्याची खाली जाळीदार कुरकुरीत पापडी धरते. ग्योझाला, म्हणजे जपानी डम्पलिंगला, अशी पापडी करतात, तिला पंख म्हणतात. हे ग्योझा तिथं फोफावले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, ईशान्य चीनमधून परतलेल्या लोकांबरोबर. आमचा पंख उलटवताना मोडला तीन ठिकाणी, मुलानं मोडलेलेच तुकडे आधी पळवले.

घरच्या डम्पलिंगचा एक तोटा कुणी बोलत नाही, करणारा कधी बसून गरम खातच नाही. हॉटेलात हा त्रास नाही, सगळे एकदम बसतात. मी आज पहिला घाणा ओट्यापाशी उभ्यानंच संपवला, निम्मा, कुणाला न विचारता. मैत्रीण म्हणाली, "अगं, प्लेट तरी घे." प्लेट घेतली असती तर वाटावे लागले असते.

चव? पारी कालच्या हॉटेलच्या पासंगालाही पुरत नाही, काही ठिकाणी जाड, एक-दोन कोपऱ्यांत चक्क लगद्यासारखी. पण चावल्यावर आलं लागत होतं, मशरूम मशरूमसारखा लागत होता, चिकनचं आणि भाजीचं वेगळं ओळखू येत होतं.

उरलेले कच्चेच ट्रेवर सुटे मांडून फ्रीझरमध्ये ठेवलेत, टणक झाले की पिशवीत. आधीच पिशवीत भरले तर सगळ्यांचा मिळून एकच मोठा डम्पलिंग होतो. काढल्यावर वितळवायचे नाहीत, तसेच गोठलेले पॅनमध्ये, फक्त पाणी थोडं जास्त. सायबेरियात पेल्मेनी नावाचे तिकडचे डम्पलिंग हिवाळ्यात बाहेरच गोठवून पोत्यात भरून ठेवायचे, त्यांना फ्रीझरचं बिलही नाही.

पीठ आणि सारण एकाच वेळी संपलं असं कुणाच्या घरी होतं का? आज पाऱ्या संपल्या आणि वाडगाभर सारण राहिलं. मी परत पीठ मळायला तयार नव्हते, मैत्रीण पर्स उचलून उभीच होती. मग रात्री ते सारण सरळ भातात परतलं, आणि मुलगा म्हणतो हेच जास्त भारी झालंय, पुढच्या वेळी पाऱ्या करूच नकोस.