राजीखुशीने की नुसतं खुशीने?

वाटणीच्या एका दाव्यातली जुनी इंग्रजी पत्रं माझ्याकडे भाषांतराला आली. कुटुंब नाशिकच्या शरणपूर रोडवरचं, ख्रिस्ती. पत्रं 1943-44 सालची, देवळालीच्या लष्करी छावणीत कारकुनी करणाऱ्या धाकट्या भावानं मुंबईत आजारी पडलेल्या थोरल्याला लिहिलेली. साक्षीदार आजींना इंग्रजी येत नाही, म्हणून उलटतपासणीआधी वकीलसाहेबांना भरवशाचं मराठी हवं होतं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

पहिला वाचनफेरा फक्त खुणा करण्यासाठी असतो. एखादा शब्द पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीनं अधोरेखित करायचा आणि त्याच्या आधी-नंतर काय आहे ते कागदाच्या कडेला टिपायचं. इथे तो शब्द होता 'चिअर'. कुठे नाम, कुठे क्रियापद, कुठे 'चिअरलेस', कुठे 'चिअरफुली'. मोबाइलमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपनं जवळपास सगळीकडे 'आनंद' नाहीतर 'जल्लोष' दिला होता. एका ठिकाणी तर चक्क 'खुर्ची' आली होती.

खुर्चीचं कारण अक्षरात होतं. जोडून लिहिलेल्या इंग्रजीत दोन 'ई' लागोपाठ आले आणि शाई फुटली, की ते 'ए-आय'सारखे दिसतात, म्हणजे 'चिअर'चं 'चेअर' होतं. अशा वेळी त्याच हाताचे दुसरे शब्द शोधायचे. 'ट्रेन' आणि 'अगेन' या शब्दांत हा माणूस 'आय'वरचा ठिपका न चुकता, थोडा उजवीकडे सरकवून देतो. भिंगाखाली पाहिलं तर वादातल्या शब्दावर ठिपका नव्हता आणि 'ए'चं बंद पोटही नव्हतं, दोन सुटे फासे होते. झेरॉक्सवर हे कळत नाही, मूळ पत्रच मागवावं लागतं. वाक्य होतं नाताळच्या जेवणाबद्दलचं: टेबलावर 'गुड चिअर' होता. हा अर्थ जुना आणि पक्का आहे. 'गुड चिअर' म्हणजे भरपूर खाणंपिणं, मनापासून केलेलं आदरातिथ्य. मी लिहिलं, 'जेवणाची चंगळ होती'.

हा शब्द मुळात आनंदाचा नाहीच. जुन्या फ्रेंचमधल्या 'शिएर'वरून तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता चेहरा. चेहऱ्यावर दिसतो तो मनाचा भाव, म्हणून पुढे मनःस्थिती. आणि ती चांगली किंवा वाईट कशीही असू शकायची. केवळ चांगल्या भावाला, म्हणजे उल्हासाला, तो नंतर चिकटला. आपल्याकडे 'चेहरा खुलला', 'तोंड पडलं', 'हसतमुख' यांत हीच वाट दिसते. म्हणून 'चिअरफुल' माणसाला 'आनंदी'पेक्षा 'हसतमुख' जास्त जवळचं. आनंदी माणूस गप्पही असेल, पण चिअरफुल माणसाचा उल्हास समोरच्याला दिसतो.

दुसऱ्या पत्रात थोरल्याला धीर देताना आलं 'बी ऑफ गुड चिअर'. हे त्याचं स्वतःचं वाक्य नाही, 1611च्या किंग जेम्स बायबलमधलं आहे. शरणपूरची वस्ती चर्च मिशनरी सोसायटीची, मिशनच्या शाळेत शिकलेल्यांच्या इंग्रजीत बायबलची वाक्यं सहज उतरायची. अवतरण ओळखू आलं की आपलं भाषांतर बाजूला ठेवायचं आणि मराठी बायबलमधला प्रचलित शब्द घ्यायचा. तिथे आहे 'धीर धरा'. ते अगदी अचूक आहे, कारण मूळ ग्रीक क्रियापद हिंमत धरण्याचंच आहे. आजारी भावाला 'आनंदी राहा' लिहिलं असतं तर पत्राचा सूरच गेला असता. त्याच पानावर खाली साधं 'चिअर अप' होतं. तिथे 'मन लहान करू नकोस' पुरेसं झालं. आई गेल्यावरचं 'चिअरलेस' घर मी 'ओकंबोकं' केलं. पत्राच्या शेवटचा 'चिअरिओ' हा त्या काळच्या इंग्रज सैनिकांच्या तोंडचा निरोप, 'बरंय, येतो' अशा अर्थाचा. गंगापूर धरणाकडच्या वायनरीत पेला उंचावून म्हणतात त्या 'चिअर्स'चा हा सख्खा भाऊ. ब्रिटनमध्ये तर 'चिअर्स' म्हणजे 'थँक्यू'सुद्धा.

खरा पेच तिसऱ्या पत्रात होता, आणि दावाही त्याच ओळीवर उभा होता. धाकटा लिहितो, ताईनं मळ्यातला आपला हिस्सा 'चिअरफुली' सोडला.

वकीलसाहेबांनी फोनवरच सुचवलं, 'राजीखुशीने' लिहा. शब्द तोंडात बसलेला आहे, कारण हक्कसोडपत्रात आणि खरेदीखतात तोच असतो: राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देत आहे. पण तिथे लिहून देणारी व्यक्ती स्वतःबद्दल बोलते, आणि त्या शब्दातून दबाव नव्हता अशी कबुलीही देते. पत्रात ताई बोलतच नाही. ज्याला हिस्सा मिळाला तो भाऊ तिच्याबद्दल सांगतो आहे. 'राजीखुशीने' लिहिलं की खासगी पत्राला दस्ताचं वजन येतं, आणि ते वजन मूळ इंग्रजीत नाही.

'आनंदाने'ही पुरत नव्हतं. 'चिअरफुली'ला दोन छटा आहेत. एक, हसतमुखानं, दिसेल अशा उल्हासानं. दुसरी, कुरकुर न करता, सहज तयार होऊन. 'मी हे काम चिअरफुली करीन' असं म्हणणारा हसेलच असं नाही, पण आढेवेढे घेणार नाही. शब्द क्रियापदाच्या आधी आला की दुसऱ्या छटेकडे झुकतो, शेवटी आला तर पहिलीकडे. इथे तो आधी होता. तरी नुसत्या जागेवरून निकाल देता येत नाही, म्हणून याच माणसानं तो शब्द इतरत्र कसा वापरलाय ते पाहिलं. पहिल्या पत्रात छावणीतले शिपाई जादा पाळी 'चिअरफुली' करतात, असं आहे. तिथे तयारीच दिसते, हसू नाही.

मराठीत असा शब्द हवा होता, ज्यात दोन्ही छटा मावतील पण कायदा शिरणार नाही. 'खुशीने' तसा आहे. त्याला 'राजी' किंवा 'स्व' जोडला की तो कचेरीतला होतो, एकटा असला की घरातला राहतो. मी 'ताईने आपला हिस्सा खुशीने सोडला' असं लिहिलं.

वकीलसाहेब नाराज झाले. त्यांना सांगितलं, विरुद्ध बाजूच्या वकिलानं शब्दकोश उघडला तर 'राजीखुशी' टिकणार नाही, आणि एक शब्द पडला की बाकीच्या पानांवरचाही विश्वास जातो. असा संशय असला की मी पानाखाली टीप देतो, मूळ शब्द देवनागरीत, शक्य ते अर्थ आणि निवडीचं कारण, तीन ओळींत. पत्राचा अर्थ काय लावायचा ते न्यायाधीशांनी ठरवायचं. अवाच्य जागा अंदाजानं भरायच्या नाहीत, तिथे 'अवाच्य' असंच लिहायचं. प्रत्येक पानावर मूळ पत्राचा पानक्रमांक आणि सही, शेवटी भाषांतराचा दाखला.

टीप वाचून त्यांनी एकच बदल मागितला, 'चिअरफुली' टीपेत ठळक करा. तो मी केला.