रिकामा लोटा वाजायला हवा

सिंधुदुर्गातल्या जत्रांत जादूगाराला वेळ मिळतो तो पालखीची प्रदक्षिणा आणि दशावतार यांच्या मधला. पालखी रेंगाळली की कबूल झालेल्या तासाचा अर्धा तास होतो. समितीच्या लेखी आपण म्हणजे नाटकवाल्यांचे चेहरे रंगून होईपर्यंतचा टाइमपास. सभामंडप तीन बाजूंनी उघडा आणि माणसं पाठीमागच्या कठड्यावरही बसलेली, म्हणजे आरशाच्या पेट्या बाद. रात्री मतलईचा वारा सुटला की रेशमी रुमालही हातात राहत नाहीत. अशा ठिकाणी खरा आधार लोट्याचा. जादूगार पी. सी. सरकार यांच्या 'इंद्रजाल' या कार्यक्रमात 'वॉटर ऑफ इंडिया' म्हणून गाजला तोच हा. दोन प्रयोगांच्या मधे उचलायचा, पूर्ण उपडा करून ओतायचा, ठेवायचा. थोड्या वेळानं पुन्हा पाणी हजर.

लोट्याबरोबर दुकानात मिळणाऱ्या कागदावरच सगळं छापलेलं असतं, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. लोट्याला दोन भिंती असतात. दोन्ही काठाशी जोडलेल्या, आतल्या भिंतीला तळाशी एक भोक आणि बाहेरून गळ्याजवळ दोन-तीन मिलिमीटरचं दुसरं. गळ्यावरचं भोक अंगठ्यानं बंद ठेवून ओतलं की फक्त आतलं पाणी जातं. सरळ धरून अंगठा काढला की हवा शिरते आणि मधल्या पोकळीतलं पाणी दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत आत येतं. घामट हवेत अंगठा घसरतो, म्हणून तो आधी फडक्याला पुसायचा. भोकात हिरवट थर साचला तर हवा अडते, त्यासाठी खिशात बारीक तार हवीच.

एका जत्रेच्या रात्री टेबल समितीचं होतं, पातळ प्लायवुडचं, आणि माइकवाल्यानं स्टँड त्याला चिकटवूनच उभा केलेला. (माइकवाल्याला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.) प्रयोग झाला, टाळ्या आल्या. सामान आवरताना पुढच्या रांगेतले एक म्हातारे जवळ आले. हाताची बोटं काळवंडलेली, धंदा तांबटाचा.

"जादूगारानू, लोटो रिकामो नाय. आवाजावरसून कळता."

ओतून झाल्यावर लोटा टेबलावर ठेवला की ठण्ण वाजायला हवा. पोकळीत पाणी असल्यामुळे तो ठप्प वाजत होता, आणि माइक ते मंडपभर ऐकवत होता. बाकी कुणाला त्याचं काही नव्हतं. यांनी दुसऱ्याच खेपेला ताडलं होतं, तरी शेवटपर्यंत बसून हसत होते. का, असं विचारलं तर म्हणाले, "अंगठो बघी होतंय." मग उपाय सांगितला: "खाली चुंबळ घाला." इतकं साधं! चुंबळीवर कुठलंच भांडं वाजत नाही, आणि पाण्याच्या भांड्याखाली चुंबळ पाहून कोणाची भुवई वर जात नाही.

लोटा हातात फिरवून त्यांनी पुढचं विचारलं, याला कल्हई करता का? करूच नये. कल्हईचं कथील वितळतं २३२ अंशांना आणि काठाच्या सांध्यातला मऊ डाख (सोल्डर) १८३च्या आसपास. कल्हईच्या भट्टीत काठाचा सांधा आधी सुटतो आणि मग पाणी जादूगाराच्या बाहीत.

त्यांची खरी तक्रार वेगळीच होती. पाणी दर खेपेला फार लवकर कमी पडतं. बाजारातल्या लोट्यात आतली जागा आणि पोकळी साधारण सारख्या असतात. सव्वा लिटरच्या आतबाहेर भरलं, समजा १२०० मिली, तर ६००, ३००, १५०, ७५ असं ओतलं जातं; चौथ्या खेपेला नुसती धार. पोकळी आतल्याच्या दुप्पट केली तर ४००, २६७, १७८, ११९. सुरुवातीला कमी, पण तासभर पुरणारं. दुकानदारांना हे कोणी सांगत नाही, कारण विकत घेणारे बहुतेक जण घरी दोनदा ओतून कपाटात ठेवतात.

तसा लोटा ते घडवून द्यायला तयार आहेत. बाहेरचा आकार मात्र हाच हवा, आणि काठाचा सांधा आतून कसा बसवलाय ते कळायला हा उभा कापावा लागेल, म्हणतात. नवा जमेल याची खात्री देत नाहीत. जत्रांचा हंगाम अजून चालू आहे. लोटा मी अजून दिलेला नाही.